लिंक्डइनवर लिहायला हात का धजावत नाही

लिंक्डइनवर खातं बहुतेकांनी कधीतरी उघडलेलं असतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्लेसमेंट सेलनं सांगितलं म्हणून, नाहीतर पहिली नोकरी सोडायची वेळ आली म्हणून. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, बाजूची माणसं कापून टाकलेला. हुद्दा दोन बढत्यांपूर्वीचा. पुढची काही वर्षं फक्त वाचन चालतं. कुणी नव्या नोकरीची बातमी देतं, कुणी प्रमाणपत्राचा फोटो टाकतं. एखाद्या दिवशी आपल्याच कामाशी जुळणारा विषय समोर येतो आणि वाटतं, यावर आपल्यालाही सांगण्यासारखं आहे. चार ओळी टाइप होतात आणि पुसल्याही जातात.

का पुसल्या, असं विचारलं तर ठरलेली उत्तरं मिळतात. आपण कोण एवढे लागून गेलो? ऑफिसातले हसतील. इंग्रजी चुकलं तर? साहेबांना वाटेल, हा दुसरीकडे नोकरी शोधतोय. यातली एकही शंका मूर्खपणाची नाही. त्यामागे बरेचदा चांगला संस्कार असतो, आपलं काम बोलावं, आपण बोलू नये हा. अडचण वेगळीच आहे. ही जागा स्वतःला मिरवण्यासाठी आहे, असं आपण गृहीत धरतो आणि मग मिरवणं नको म्हणून ती जागाच नको, असं ठरवून टाकतो. हे गृहीतक कितपत खरं आहे हे तपासायचं, तर माणसाला काम नेमकं कुणाकडून मिळतं, तिथपासून सुरुवात करायला हवी.

हा प्रश्न १९७०च्या आसपास मार्क ग्रॅनोव्हेटर या तरुण अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं विचारला. बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात राहणारे, नुकतीच नोकरी बदललेले व्यावसायिक, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक त्यानं गाठले. काहींच्या मुलाखती घेतल्या, काहींना टपालानं प्रश्नावली पाठवली. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी कुणाच्या तरी ओळखीतून लागली होती. यात नवल नव्हतं. नवल पुढच्या उत्तरात होतं. ज्या माणसानं नोकरीची खबर दिली, तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून जास्त भेटणाऱ्यांकडून खबर मिळालेले लोक साधारण १७ टक्के होते. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून ५५ टक्क्यांहून अधिक जणांना ती मिळाली होती, आणि वर्षातून जेमतेम एखादी भेट होणाऱ्यांकडून जवळपास २८ टक्क्यांना. कुणाला कॉलेजातला जुना सोबती भेटला होता, कुणाला पूर्वीचा वरिष्ठ, कुणाला आधीच्या कंपनीतला सहकारी. ज्यांचा नंबर आहे पण फोन होत नाही, अशी ही माणसं.

ग्रॅनोव्हेटरनं दिलेलं कारण साधं आहे. जिवलग मित्र, घरचे लोक, रोजचे सहकारी आपल्याच वर्तुळात वावरतात. त्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. दूरच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात उभा असतो, त्यामुळे आपल्यापर्यंत एरवी न पोचणारी बातमी त्याच्याकडे असते. हा विचार मांडणारा लेख एका नामांकित नियतकालिकानं १९६९मध्ये नाकारला. तो १९७३मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’त छापून आला आणि समाजशास्त्रात सर्वाधिक उल्लेखल्या जाणाऱ्या लेखांपैकी एक ठरला.

मराठी वाचकाला याची दुसरी बाजूही चांगली माहीत आहे. मुंबईच्या गिरणगावात रत्नागिरीहून, साताऱ्याहून आलेला माणूस गिरणीत चिकटायचा तो जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या हातून, आणि जॉबरपर्यंत त्याला न्यायचा तो गाववाला, भाऊबंद नाहीतर सोयरा. गावकीच्या खोलीत झोपायला जागा, खाणावळीत उधारीवर जेवण, आणि खात्यात जागा झाली की पहिली हाक आपल्या माणसाला. हे घट्ट नातं माणसाला उपाशी राहू देत नव्हतं. त्याचं मोल कमी लेखण्याचं काहीच कारण नाही. पण ते माणसाला त्याच गिरणीच्या, त्याच खात्याच्या दारापर्यंत नेत असे. आजही आपल्याकडे नोकरीचा विषय निघाला की पहिला विचार काकांचा, मेव्हण्याचा, शेजाऱ्यांच्या मुलाचा येतो. त्यांच्यापैकी कुणाला आपल्या कामातलं काही कळत असेलच असं नाही, तरी आपण बायोडेटा त्यांनाच पाठवतो, कारण तिथे संकोच वाटत नाही. आठ वर्षांपूर्वी आपल्याबरोबर एका प्रोजेक्टवर काम केलेल्या माणसाला मात्र लिहायला जीव नको म्हणतो.

रीड हॉफमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिंक्डइन सुरू केलं ते या दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी. कंपनीची स्थापना डिसेंबर २००२मध्ये हॉफमनच्या घरच्या बैठकीच्या खोलीत झाली आणि ५ मे २००३ला साइट खुली झाली. संस्थापकांनी आपापल्या ओळखीच्या सुमारे साडेतीनशे लोकांना बोलावणं धाडलं. महिनाअखेर सदस्य होते साडेचार हजार. मायक्रोसॉफ्टनं २०१६मध्ये २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजून ही कंपनी घेतली, आणि आज जगभरात तिचे शंभर कोटींहून अधिक सदस्य आहेत. भारत हा अमेरिकेखालोखाल तिचा सर्वात मोठा देश आहे, इथले सदस्य दहा कोटींच्या पुढे गेले आहेत.

या इतिहासातला एक तपशील संकोची माणसानं मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. पहिली जवळपास दहा वर्षं ही साइट प्रामुख्यानं ओळखींची वही होती. कोण कुठे काम करतो, कोण कुणाला ओळखतो, याची नोंद ठेवायची आणि गरज पडली की शोधायचं. निवडक नामवंतांना तिथे लेख लिहायला २०१२मध्ये बोलावलं गेलं आणि सर्वसामान्य सदस्यांसाठी लेखनाची सोय २०१४पासून हळूहळू खुली झाली. आपल्याला धडकी भरते ती या नंतर आलेल्या व्यासपीठाची. वही मात्र अजूनही तशीच आहे, आणि ती वापरायला व्यासपीठावर चढावं लागत नाही.

त्या वहीचा उपयोग किती, हे मोठ्या प्रमाणावर मोजलं गेलं आहे. एरिक ब्रिन्योल्फसन, सिनान अरल, कार्तिक राजकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लिंक्डइन आपल्याला ‘या व्यक्तीला तुम्ही ओळखत असाल’ अशी नावं सुचवतं. पाच वर्षांत सुमारे दोन कोटी लोकांना दाखवल्या गेलेल्या या सूचनांमध्ये फेरफार करून पाहिले गेले: काहींना जवळच्या ओळखी अधिक दाखवल्या, काहींना दूरच्या. या काळात दोनशे कोटी नव्या ओळखी जोडल्या गेल्या आणि सहा लाख नोकऱ्या बदलल्याची नोंद झाली. निष्कर्ष ग्रॅनोव्हेटरच्या बाजूचा निघाला, पण थोडा वळण घेऊन. सर्वात उपयोगी ठरल्या मध्यम दूरच्या ओळखी. ज्याच्याशी आपले काही सामायिक परिचित आहेत, पण ऊठबस नाही, असा माणूस. अगदीच अनोळखी माणसाचा उपयोग कमी झाला आणि अगदी जवळच्याचा सर्वात कमी. डिजिटल स्वरूपाच्या उद्योगांत हा फायदा ठळक होता. इतर उद्योगांत जवळच्या ओळखींचं पारडं जड राहिलं, म्हणजे गिरणगावाची रीत पूर्ण जुनी झालेली नाही. आपल्यावर प्रयोग चालू आहे हे त्या दोन कोटी लोकांना वेगळं सांगितलं गेलं नव्हतं, यावर तेव्हा टीकाही झाली, आणि ती योग्य होती असं मला वाटतं. पण त्यातून मिळालेलं ज्ञान आपल्या कामाचं आहे.

म्हणजे तिथे हजारो अनुयायी जमवायची गरज नाही. आधी शिकवलेले प्राध्यापक, जुने सहकारी, ज्यांना माल पुरवला ते ग्राहक, परिषदेत शेजारी बसलेली व्यक्ती, वर्गातली निम्मी विसरलेली मुलं, अशी दीडदोनशे माणसं जोडलेली असणं आणि आपण सध्या काय करतो हे त्यांना दिसत राहणं, एवढं झालं की मूळ काम झालं.

‘दिसत राहणं’ म्हटलं की पुन्हा तो संस्कार आडवा येतो. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिलाच समास मूर्खलक्षणांचा आहे आणि आपलीच स्तुती आपण करणारा माणूस त्या यादीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वाचलेल्या ग्रंथाचा हा ठसा सहज पुसला जाणार नाही, पुसला जाऊही नये. पण त्याच दासबोधात, एकोणिसाव्या दशकाच्या अखेरच्या समासात, आपल्याला जे ठाऊक आहे ते हळूहळू इतरांना सांगावं, लोकांना शहाणं करावं, असाही उपदेश आहे. समर्थांना या दोन्हींत विरोध दिसला नाही, कारण विरोध नाहीच. एकात विषय मी आहे, दुसऱ्यात विषय काम आहे.

हा फरक प्रत्यक्ष लिहिताना कसा दिसतो ते पाहू. समजा, भोसरीच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या साच्यांचं डिझाइन करणारी एक व्यक्ती आहे. ती लिहू शकते की अथक परिश्रम आणि जिद्द यांच्या जोरावर आपण एक अवघड प्रकल्प वेळेत पूर्ण केला आणि याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. हे वाचून कुणालाही काही मिळत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही लाज वाटते ती बरोबर वाटते. हीच व्यक्ती असंही लिहू शकते: एका पार्टच्या बाहेरच्या पृष्ठभागावर सिंक मार्क येत होते. होल्डिंग प्रेशर वाढवून पाहिलं, फरक पडला पण डाग गेले नाहीत. शेवटी आतल्या रिबची जाडी भिंतीच्या जाडीच्या निम्म्यावर आणली, तेव्हा पृष्ठभाग साफ आला. डिझाइनच्या टप्प्यावरच हे पाहिलं असतं तर साचा परत मशीनवर चढवावा लागला नसता. एवढंच. यात ‘मी हुशार आहे’ असं कुठेही नाही. पण साचे बनवणाऱ्या कुणीही हे वाचलं, तर लिहिणाऱ्याला काम येतं हे त्याला तेवढ्यावरून कळतं. ग्राहकाचं नाव नाही, ड्रॉइंगचा फोटो नाही, त्यामुळे कंपनीलाही हरकत घेण्यासारखं काही नाही. नाशिकचा द्राक्ष-सल्लागार, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, लेखापरीक्षकाकडे उमेदवारी करणारा मुलगा, प्रत्येकाकडे असे किस्से आठवड्याला दोन तरी घडतात. आपल्याला ते रोजचे वाटतात म्हणून त्यांची किंमत वाटत नाही. पण शिकाऊ माणसाला नेमकं तेच कुठे छापलेलं मिळत नाही.

राहिला लोक काय म्हणतील हा धाक. यावर मानसशास्त्रात एक गाजलेला प्रयोग आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा मोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या वयाच्या मुलांना तो घालायची लाज वाटेल, असाच मुद्दाम निवडलेला. मग त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. टी-शर्ट घातलेल्यांना वाटलं की खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांनी तो चेहरा ओळखला असेल. प्रत्यक्षात ओळखणारे होते पाव. हे निष्कर्ष २०००मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्यावर जितका प्रकाशझोत आहे असं आपल्याला वाटतं, तितका तो नसतो. लिंक्डइनवर तर आपली पोस्ट आपल्या परिचितांपैकी मोजक्यांच्याच समोर येते आणि त्यातले बरेच अंगठ्यानं ती वर सरकवतात. ‘फक्त सात लाइक’ या आकड्याचं दुःख करणाऱ्यांनी तोच आकडा उलटा वाचावा: हसायला जमलेली गर्दी तिथे नव्हतीच.

इंग्रजीची भीती मात्र या एका प्रयोगानं जाणारी नाही, कारण ती खरी आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला कॉर्पोरेट इंग्रजीत लिहिताना आपण परक्याच्या घरी बसल्यासारखं वाटतं. यावर माझं स्पष्ट मत आहे: छोटी वाक्यं, नेमकी तांत्रिक संज्ञा, आणि विशेषणं शून्य. वर दिलेली साच्याची नोंद शाळकरी इंग्रजीत उतरवली तरी तिचं वजन घटत नाही, उलट सजवलं की घटतं. शिवाय मराठीत लिहायला कुणाची बंदी नाही. लिंक्डइनवर हिंदी २०२१च्या अखेरीस आली आणि पुढे मराठीचाही पर्याय आला. ज्यांचे ग्राहक, विद्यार्थी किंवा सहकारी मराठी आहेत, त्यांनी मराठीतच लिहावं. यंत्रदुरुस्ती, शेतीसल्ला, शिक्षण, सहकारी बँकांचं कामकाज या विषयांवर व्यवसायातल्या माणसांनी मराठीत लिहिलेलं फार थोडं सापडतं. ती पोकळी भरून काढणाऱ्याला स्पर्धाही कमी आहे.

साहेबांची भीती आणखी व्यावहारिक आहे, तिला व्यावहारिक उत्तरं आहेत. प्रोफाइलमध्ये मोठा बदल केला की परिचितांना सूचना जाऊ शकते. ती बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. बदल करण्याआधी ती पाहून घ्यावी. नोकरी शोधत असल्याची खूण दोन प्रकारे लावता येते: हिरव्या कडीसह सर्वांना दिसेल अशी, किंवा फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी. दुसऱ्या प्रकारात आपल्याच कंपनीच्या भरती विभागापासून ती लपवण्याचा प्रयत्न साइट करते, पण त्याची हमी देत नाही, हे ध्यानात असावं. सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. शासनाच्या धोरणावर टीका किंवा कार्यालयीन कागद तिथे टाकणं अंगाशी येईल. रुग्ण, अशील, विद्यार्थी यांची ओळख पटेल असं काही कुणीच लिहू नये. आणि ऑफर लेटरसाठी आधी पैसे मागणारा ‘रिक्रूटर’ भेटला तर त्याला उत्तर न देता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

सुरुवात पोस्टनं करूच नये, असं मी सुचवेन. आधी फोटो बदला आणि नावाखालच्या ओळीत हुद्द्याऐवजी काम लिहा. ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ वाचून कुणाला काही कळत नाही. ‘औषधकंपन्यांच्या गोदामांतलं तापमान-नियंत्रण पाहतो’ हे वाचून कळतं. मग दुसऱ्यांच्या पोस्टखाली लिहा. ‘छान’ किंवा ‘अभिनंदन’ नको, आपल्या अनुभवातली एक ओळ हवी, नाहीतर एक खरा प्रश्न. कमेंटमध्ये यजमान दुसरा असतो, त्यामुळे मंचावर एकटं उभं राहिल्याची भावना येत नाही, आणि आपलं नाव मात्र नेमक्या माणसांच्या डोळ्यांखालून जातं. महिना-दोन महिने एवढंच केलं तरी पुरे. त्यानंतर पहिली पोस्ट लिहिताना हात कमी थरथरतो.

जुन्या माणसांना लिहिणं हा त्याहून अवघड टप्पा. इतक्या वर्षांनी अचानक संदेश पाठवला तर काय वाटेल? पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळलं की, बऱ्याच काळानंतर कुणी आठवण काढली तर समोरच्याला होणारा आनंद पाठवणाऱ्याच्या अंदाजापेक्षा जास्त असतो, आणि संदेश जितका अनपेक्षित तितका हा फरक मोठा. मदत मागण्याबाबतही अंदाज असाच चुकतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा बोन्स यांच्या २००८च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या. त्यासाठी साधारण वीस जणांना विचारावं लागेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात दहाच्या आसपास माणसांत काम झालं. मागणाऱ्याला नकाराची भीती दिसते, पण समोरच्याला ‘नाही’ म्हणणंही जड जातं हे दिसत नाही.

संदेश मात्र नीट लिहिलेला हवा. ‘नमस्कार मॅडम, २०१६ ते २०१८ या काळात मी आपल्या टीममध्ये टेस्टिंगला होतो. सध्या पुण्यात पेमेंट सिस्टिमवर काम करतो. आपण बँकिंगकडे वळल्याचं वाचलं. त्या क्षेत्रात यायचं तर आधी काय शिकावं, याबद्दल पंधरा मिनिटं बोलता येईल का? आपल्या सोयीनं.’ ओळख पटली, कारण कळलं, मागणी छोटी आहे, आणि नोकरी मागितलेली नाही. बायोडेटा पहिल्याच संदेशाला जोडणं टाळावं.

घर-संसारासाठी काही वर्षं थांबलेल्या स्त्रियांना याची सर्वाधिक गरज असते आणि संकोचही त्यांनाच सर्वाधिक असतो. मधल्या रिकाम्या वर्षांचं काय लिहायचं, या प्रश्नावर त्या अडतात. लिंक्डइननं २०२२मध्ये प्रोफाइलमध्ये कामातल्या खंडाची नोंद करण्याची वेगळी जागा दिली: बाळंतपण, आजारी माणसाची शुश्रूषा, शिक्षण, प्रवास, जे असेल ते. ती भरावी. तारखा लपवून केलेली प्रोफाइल वाचणाऱ्याला नसत्या शंका सुचवते, तर एका सरळ ओळीनंतर प्रश्नच उरत नाही.

आणि एकदा आपण तिथे दिसू लागलो की आपल्याकडेही संदेश येऊ लागतात. लातूरच्या पॉलिटेक्निकमधला मुलगा विचारतो, सर, सीएनसी आधी शिकू की कॅड? अकोल्याची मुलगी विचारते, तुमच्या कंपनीत इंटर्नशिप असते का? आपण त्यांच्यासाठी ती दूरची ओळख असतो, जिच्याबद्दल ग्रॅनोव्हेटरनं लिहिलं. त्यांनीही चार ओळी दोनदा पुसून मग पाठवलेल्या असतात. आठवड्यातून अर्धा तास अशा संदेशांसाठी राखून ठेवावा. सविस्तर उत्तराला वेळ नसेल तर तीन वाक्यं पुरतात: सध्या आमच्याकडे जागा नाही, या कामाला अमुक सॉफ्टवेअर येणं आवश्यक आहे, भरती बहुधा जूनमध्ये निघते, तेव्हा पुन्हा लिही.